घासलेल्या कॅमेऱ्याचा भाव

अ‍ॅडम स्मिथनं १७५९ साली एका घड्याळवेड्या गृहस्थाचं वर्णन करून ठेवलं आहे. त्याचं घड्याळ दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं आणि हे त्याला अजिबात सहन होत नाही. तो ते दोन-एक गिनींना विकून टाकतो आणि पन्नास गिनी मोजून दुसरं घेतो. हे नवं घड्याळ पंधरवड्यातून मिनिटभर मागे पडलं तर पडलं. आता घड्याळाचं काम काय? किती वाजले ते सांगायचं, म्हणजे कुठे जायला उशीर होऊ नये. पण हा माणूस पन्नास गिनी घालवल्यावर वेळेवर यायला लागला का? स्मिथ म्हणतो, तसं काही दिसत नाही. त्याचा जीव वेळेत अडकलेलाच नव्हता. यंत्रात कुठे खोट राहू नये, एवढ्यासाठीच सगळी तगमग.

कॅमेऱ्याच्या नादी लागलेल्या कुणालाही हा गृहस्थ चटकन ओळखू येईल. फोटोच्या कोपऱ्यांत रेषा किती टोकदार येतात यावर ही मंडळी (त्यांत मी आलोच) तासभर बोलतील. त्या कोपऱ्यात नेमकं होतं काय, झाड की भिंत, ते विचारलं तर आठवणार नाही.

आणि मग कुणीतरी तो प्रश्न विचारतंच. "बाप रे, एवढे पैसे? मग फोटो तेवढे चांगले येतात का?"

या प्रश्नाला दोन उत्तरं तयार असतात. "फोटो कॅमेरा काढत नाही, माणूस काढतो" हे एक. हे म्हणणाऱ्याच्या गळ्यात बहुतेक वेळा कॅमेऱ्याची चांगलीच महागडी बॉडी लटकत असते, हा योगायोग मी बऱ्याचदा पाहिला आहे. दुसरं उत्तर, "हातात घेऊन बघ, मग कळेल." पहिल्यात नम्रपणाचा आव आहे, दुसऱ्यात गूढपणाचा. पैशाबद्दल मात्र दोन्हींत चकार शब्द नाही. विचारलंय पैशाबद्दल, तर पैशाबद्दलच बोलावं.

आधी किमतीची बाजू घेतो, कारण ती सहसा कुणी धड मांडत नाही. "नावाचे पैसे घेतात" म्हणून विषय मिटवला जातो. घेतात ना, पण सगळेच नावाचे नसतात.

सेन्सरचंच बघा, म्हणजे फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारी चिप. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. बहुतेक फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात शंभर चौरस मिलिमीटरसुद्धा नसतात. क्षेत्रफळ आठ-दहा पट झालं म्हणून खर्चही तेवढाच वाढला असता तर गोष्ट सोपी होती. पण हे सेन्सर ३०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या चकतीवर एकत्र तयार होतात आणि त्या चकतीवर कुठे ना कुठे सूक्ष्म दोष राहतातच. दोष तेवढेच, पण तुकडे मोठे. अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर चिखलाचे चार शिंतोडे उडाले तर रुमाल बरेचसे वाचतात, चादर मात्र हमखास डागाळते. शिवाय चिपवर नक्षी उमटवणारी बहुतेक यंत्रं एका वेळी साधारण २६ बाय ३३ मिलिमीटरच्या चौकटीएवढीच नक्षी उमटवतात. ३६ मिलिमीटरचा सेन्सर त्या चौकटीत बसत नाही. मग तो तुकड्या-तुकड्यांनी छापायचा आणि सांधा दिसणार नाही इतक्या नेमकेपणानं जुळवायचा. इथे पैसे जातात ते कुणाच्या नावासाठी नव्हे.

लेन्सची कथा तर आणखी मजेशीर. साधी ५० मिलिमीटर एफ १.८ ची लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितकं प्रकाश आत सोडणारं छिद्र मोठं) स्वस्तात मिळते, कारण तिच्यातल्या सहा-सात भिंगांच्या रचनेचं मूळ झाइस या जर्मन कंपनीच्या पॉल रुडॉल्फनं १८९६ साली केलेल्या प्लानार लेन्सपर्यंत जातं. सगळ्यांना पाठ झालेलं गणित. आता हीच लेन्स एफ १.२ ची करा म्हटलं, की प्रकाश सव्वादोन पट मिळतो आणि दुखणी त्याहून जास्त वाढतात. भिंगाच्या कडेतून येणारे किरण मधून येणाऱ्या किरणांशी एका बिंदूत मिळत नाहीत. हा दोष छिद्राच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो: व्यास दीडपट, दोष जवळपास साडेतीनपट. तो आवरायचा म्हणजे आणखी भिंगं, आणखी महागडी काच, आणि गोलाकार नसलेले वक्र पृष्ठभाग. लांबच्या लेन्सना वेगळंच दुखणं असतं, रंग एकमेकांपासून फाटतात. त्यावर कॅननने १९६९ साली कृत्रिम फ्लोराइटचं भिंग असलेली ३०० मिलिमीटरची लेन्स काढली. फ्लोराइटचे मोठे, निर्मळ स्फटिक खाणीतून सहजी मिळत नाहीत, म्हणून ते भट्टीत सावकाश वाढवावे लागतात. ते काचेपेक्षा मऊ, लवकर ओरखडे पडणारे आणि तापमान बदललं की प्रसरण पावणारे. खेळाच्या मैदानाच्या कडेला दिसणाऱ्या त्या लांबलचक लेन्स पांढऱ्या असतात, त्यामागे उन्हात तापू नयेत हे एक कारण आहे.

आणि सगळ्यात शेवटी माणसाचा हात. एफ ०.९५ च्या ५० मिलिमीटर लेन्सनं एक मीटरवरच्या माणसाचा फोटो काढला, तर स्पष्ट दिसणारा थर दोन-सव्वादोन सेंटिमीटरचा. डोळा स्पष्ट आला तर कान गेला. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात हे फोकस यंत्राच्या जोरावर साधायचं असतं: लेन्सची मागची कडा एका चिमुकल्या चाकाला ढकलते, चाक दांडीला, आणि दांडीच्या हालचालीनं व्ह्यूफाइंडरमधली दुसरी प्रतिमा सरकत पहिलीवर येऊन बसते. या साखळीत केसाएवढी ढिलाई चालत नाही. म्हणून अशी यंत्रं अजूनही कुणीतरी टेबलाशी बसून एकेक करून जुळवतं. चिप दरवर्षी स्वस्त होते. टेबलाशी बसलेल्या त्या माणसाचा तास स्वस्त होत नाही.

तर किंमत हवेतून आलेली नाही. पण ती कुठून आली हे कळलं म्हणजे ती पटली असं थोडंच आहे? एखादी वस्तू करायला अवघड गेली, हा ती करणाऱ्याचा प्रश्न. माझ्या पदरात काय पडलं, हा माझा.

पदरात पडतं त्याचं मोजमाप फोटोवरून करायला गेलं, तर महागडा कॅमेरा बहुतेक वेळा हरतो. हे सांगायला १९६२ सालाइतकं चांगलं साल नाही. त्या फेब्रुवारीत अमेरिकन अंतराळवीर जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरून आला, तेव्हा त्याच्याकडे औषधांच्या दुकानातून चाळीस डॉलरला घेतलेला एक अ‍ॅन्स्को कॅमेरा होता, मुळात मिनोल्टानं बनवलेला. जाड हातमोज्यांत धरता यावा म्हणून त्याला उलटा करून मूठ बसवली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉली शिरा अंतराळात गेला तो ह्यूस्टनमधल्या दुकानातून घेतलेला हॅसलब्लाड ५०० सी हा महागडा कॅमेरा घेऊन. त्याला झाइसची प्लानार लेन्स होती. तपशिलात अर्थातच हॅसलब्लाड सरस, आणि पुढे चंद्रावर गेले तेही हॅसलब्लाडच. पण ग्लेननं काढलेले फोटो आज कुणी "कोपरे जरा मऊ आलेत" म्हणून बाजूला ठेवत नाही.

चंद्रावरच्या कॅमेऱ्यांचं पुढे काय झालं, तेही ऐकण्यासारखं आहे. परतताना वजन कमी करायचं होतं. त्यामुळे फिल्मच्या पेट्या काढून घेतल्या आणि बारा हॅसलब्लाड लेन्ससकट तिथेच टाकून सगळे परत आले. जगात तेव्हा मिळणाऱ्या उत्तमोत्तम कॅमेऱ्यांतले ते, आणि परतीच्या हिशेबात त्यांची किंमत शून्य. मला यात महाग वस्तूचं एक अगदी सरळ समर्थन दिसतं. जिथे फोटो पुन्हा काढता येणार नाही आणि तो हुकण्याची किंमत कॅमेऱ्याच्या किमतीहून कितीतरी जास्त आहे, तिथे कॅमेरा कितीही महाग असला तरी स्वस्तच. चंद्र तर सोडाच, पण युद्धात, न्यायालयाबाहेर, कुणाच्या लग्नात उभा असलेला व्यावसायिक फोटोग्राफर दोन कार्डांत एकदम फोटो साठवणारी, पावसात न बिघडणारी बॉडी घेतो, तेव्हा तो निर्धास्तपणा विकत घेत असतो. त्याच्याशी कुणी वाद घालू नये.

वाद आहे तो आपल्यासारख्यांचा. आपला फोटो हुकला तर काय होतं? काही होत नाही. आणि काढलेला फोटो शेवटी कुठे बघितला जातो? फोर-के पडद्यावर एका वेळी सुमारे ८३ लाख पिक्सेल मावतात, फोनवर त्याहूनही कमी. सहा कोटी पिक्सेलचा कॅमेरा मिरवणाऱ्याचे पाच कोटी पिक्सेल वाटेतच गळतात.

ऐकणाऱ्यांच्या जगात हीच परीक्षा रीतसर घेतली गेली आहे. क्लॉडिया फ्रिट्झ आणि जोसेफ कर्टिन यांनी २०१० साली इंडियानापोलिसमध्ये एका हॉटेलच्या खोलीत २१ व्हायोलिनवादकांना काळे गॉगल घालून व्हायोलिन वाजवायला दिले. तीन नवे, तीन जुने, इटालियन, त्यांत दोन जगप्रसिद्ध कारागीर स्ट्रॅडिव्हरीचे. घरी न्यायला आवडेल असं कोणतं, असं विचारल्यावर बहुतेकांनी नवं उचललं. सगळ्यात नावडतं ठरलं ते एक स्ट्रॅडिव्हरी. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या प्रयोगात दहा नामवंत एकलवादक होते, त्यांच्यापैकी सहा जणांनी नवं व्हायोलिन निवडलं. या बातम्यांनी बरीच खळबळ झाली, पण म्हणून स्ट्रॅडिव्हरीचे भाव काही कोसळले नाहीत. म्हणजे लोक पैसे मोजत होते ते फक्त आवाजासाठी नव्हतेच.

मग कशासाठी?

इथे मला घड्याळाकडे परत जावंसं वाटतं, कारण स्मिथच्या त्या माणसाचं पुढे जे झालं ते फार गमतीचं आहे. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेकोनं अ‍ॅस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. सोन्याची केस, किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या काळी एका छोट्या मोटारीएवढी. फरक महिन्याला पाच सेकंद. स्मिथच्या माणसानं पन्नास गिनी टाकून जे घेतलं होतं, त्याच्या कितीतरी पुढे. पण पुढच्या काही वर्षांत तो क्वार्ट्झचा तुकडा इतका स्वस्त झाला की आज प्लॅस्टिकचं साधं घड्याळसुद्धा महिन्याला पंधरा-वीस सेकंदांपलीकडे सहसा चुकत नाही. उलट "क्रोनोमीटर" म्हणून प्रमाणपत्र मिळालेल्या यांत्रिक घड्याळाला दिवसाला चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे जायची मुभा आहे. महिन्याला नव्हे, दिवसाला. अचूकपणासाठी पैसे फेकणारा तो माणूस आज जन्मला असता, तर त्याच्या मनगटावर प्लॅस्टिकचं घड्याळ असायला हवं होतं. त्याचे आजचे भाऊबंद मात्र बरोब्बर उलटं करतात. ते जास्त चुकणाऱ्या घड्याळाला जास्त पैसे देतात आणि त्याची मागची बाजू काचेची करून घेतात, म्हणजे आतलं चाक हलताना दिसेल.

कॅमेऱ्यात असंच घडलं आहे. १९६६ साली लायका या जर्मन कंपनीची नॉक्टिलक्स एफ १.२ लेन्स आली तेव्हा तिच्यातले गोलाकार नसलेले पृष्ठभाग कारागीर हातानं घासून काढत. फार थोड्या माणसांना ते जमे, फार थोडी भिंगं पार उतरत. आज तसे पृष्ठभाग साच्यात दाबून तयार होतात आणि कॅमेऱ्याबरोबर जवळपास फुकट मिळणाऱ्या किट लेन्समध्येही एखादं असं भिंग निघतं. फाउंटन पेनाचं सोन्याचं निब हाही त्यातलाच प्रकार. जुनी शाई आम्लयुक्त असायची, साध्या पोलादाचं निब खाऊन टाकायची, सोनं टिकायचं. पण सोनं मऊ, म्हणून टोकाला कठीण धातूचा कण बसवत. कागदाला लागतो तो हा कण. सोनं कागदापर्यंत पोचतच नाही. पुढे शाई सौम्य झाली, न गंजणारं पोलाद आलं, कारण संपलं. सोनं राहिलं. किंमतही राहिली.

कालची चैन आज सगळ्यांना मिळते, हे यातून दिसतं, आणि ते बहुतेकांना माहीतच असतं. पण याच्या उलट बाजूला जे घडलं त्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही.

माझ्याकडे एक जुनी ५० मिलिमीटरची मॅन्युअल लेन्स आहे. तिचं फोकसचं कडं फिरवलं की आतले धातूचे आटे ग्रीसमधून एकमेकांवर सरकतात, आणि तो सरकण्याचा दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा लागतो. अनंतावर पोचलं की कडं थांबतं, ठाम. अ‍ॅपर्चरचं, म्हणजे प्रकाशाच्या छिद्राचं, कडं अर्ध्या-अर्ध्या टप्प्यावर टिक्‌ वाजतं. अंतराचे आकडे धातूत कोरून त्यांत पांढरा रंग भरला आहे. वरचा थर झिजला तरी आकडा जात नाही. फोकसच्या कड्याला खालच्या बाजूला बोट टेकवायला एक खाच आहे. ती सरळ खाली आली म्हणजे समोरचा माणूस दीडएक मीटरवर. हे बोटाला पाठ झालं आहे, त्यामुळे कॅमेरा डोळ्याशी येईपर्यंत फोकस बहुतेक झालेला असतो. नव्या ऑटोफोकस लेन्सचं कडं बऱ्याचदा कशालाच जोडलेलं नसतं. ते गरगर फिरतं आणि आतल्या मोटरला नुसता इशारा देतं. मोटर डोळा स्वतः शोधते, माझ्यापेक्षा शंभरपट झटपट, आणि चुकतही नाही. फोटो नव्याचाच चांगला येतो, यात वादच नाही. फक्त समोरचा माणूस किती दूर आहे हे त्या लेन्सला कळतं, मला कळत नाही.

आता यातली मेख अशी, की ही जुनी लेन्स काही राजेशाही वगैरे नव्हती. तिच्या काळात मधल्या भावाची, हौशी लोकांनी घ्यायची लेन्स. धातूची बॉडी, खरोखर जोडलेलं कडं, चार स्क्रू काढले की उघडणारं अंग, हे त्या काळात कुणी खास मानत नव्हतं. आज नेमकं हेच हवं असेल तर सगळ्यात वरच्या कपाटाकडे बोट दाखवलं जातं. कालची चैन आज साधी झाली, तशी कालची साधी गोष्ट आज चैन झाली आहे, आणि महागड्या वस्तूंच्या दुकानात बरंचसं विकलं जातं ते हे दुसऱ्या जातीचं. लायकानं २०१२ साली फक्त कृष्णधवल फोटो काढणारा डिजिटल कॅमेरा आणला, रंगीतपेक्षा महाग. २०१४ साली मागचा पडदाच नसलेला डिजिटल कॅमेरा आणला, ६०० संच. लोक हसले. काढून टाकायचे पैसे घेतात म्हणाले. कृष्णधवलच्या बाबतीत ते हसणं चुकीचं होतं: सेन्सरवरची रंगांची जाळी काढली की प्रत्येक पिक्सेलला पुरता प्रकाश मिळतो आणि तपशील खरोखर वाढतो. पडदा काढल्यानं फोटोत काही वाढत नाही. वाढलाच तर फोटो काढल्या-काढल्या खाली मान घालून बघत न बसण्याचा संयम वाढतो, आणि तो पडद्यावर चिकटपट्टी लावूनही वाढवता येतो. मी लावून पाहिली आहे. दोन दिवसांत निघते.

याच दुकानात बनवेगिरीही चालते, आणि ती ओळखता यायला हवी. हॅसलब्लाडनं २०१२ साली लूनर नावाचा कॅमेरा जाहीर केला. आत सोनीचा नेक्स-७ हा कॅमेरा, बाहेर लाकडाची किंवा चामड्याची मूठ, किंमत कित्येक पट. नाव चंद्राचं, बाकी चंद्रावर गेलेल्या कॅमेऱ्याशी त्याचा काही संबंध नव्हता. एरवी महाग वस्तूंचं कौतुक करणाऱ्यांनीच त्याची सगळ्यात जास्त टर उडवली. मला हे बरं वाटलं. म्हणजे दिखाऊपणा सोसण्यालाही मर्यादा असते. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १८९९ मध्येच हातानं घडवलेल्या चांदीच्या चमच्याचा दाखला देऊन म्हटलं होतं, की यंत्रानं केलेल्या स्वस्त चमच्यापेक्षा तो जास्त कामाचा नसतो, आपल्याला तो सुंदर वाटण्यात त्याच्या महागपणाचाच मोठा वाटा असतो. एवढं त्याचं खरं मानायला माझी हरकत नाही. पण पुढची गोष्ट त्याच्या काळात कुणी मोजू शकत नव्हतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना तीच वाइन एकदा दहा डॉलरची म्हणून आणि एकदा नव्वद डॉलरची म्हणून चाखायला दिली. नव्वदवाली जास्त आवडली, असं ते म्हणाले. इतकंच असतं तर शिष्टपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण मेंदूच्या चित्रणातसुद्धा सुखाशी निगडित भाग जास्त उजळला होता. आनंद खोटा नव्हता. नुसत्या आकड्यानं तो खराखुरा वाढला होता.

तेव्हा "तुला उगाच भारी वाटतंय" हे म्हणणं फारसं टिकत नाही. भारी वाटतंय, बस्स. हौसेला मोल नाही म्हणतात ते काही उगीच नाही.

माझी अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. तो आकडा जसा आनंदात शिरतो तसा हातातही शिरतो. चार थेंब पडायला लागले की महागडा कॅमेरा बॅगेत जातो, आणि पावसाचे फोटो नेमके तेव्हाच असतात. गर्दीत तो छातीशी कवटाळला जातो. "जरा धर रे," म्हणून तो दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. दिलाच तर "पट्टा गळ्यात घाल आधी" हे जोडावं लागतं. घरी तो आर्द्रता राखणाऱ्या काचेच्या कपाटात बसतो, आणि कुठे जायचं झालं की त्याच्या मालकाच्या खिशातून फोनच बाहेर येतो. ही माणसं कंजूष किंवा बावळट नसतात. त्यांनी वस्तू विकत घेतली, पण तिची किंमत त्यांना विसरता आली नाही, एवढंच. माझ्या लेखी महाग वस्तूचे पैसे वसूल झाले की नाही, याची कसोटी हीच: घेतल्यावर काही दिवसांनी तिची किंमत विसरता येते का? येत असेल, तर जगाच्या दृष्टीनं ती कितीही अवाच्या सवा असो, तिचं चीज झालं. येत नसेल, तर ती वस्तू चांगली असूनही तुमच्या हातात वाईट झालेली आहे. ही सीमारेषा प्रत्येकाच्या खिशाप्रमाणे वेगळी, म्हणून दुसऱ्याच्या कॅमेऱ्याकडे बघून "एवढे कशाला" म्हणण्यात काही अर्थ नाही.

ही गोष्ट टोकाला गेलेली पाहायची, तर जगातल्या सगळ्यात महाग कॅमेऱ्याकडे बघावं. जर्मनीतल्या वेट्झलरच्या लाइट्झ कंपनीत ओस्कार बार्नाकनं ३५ मिलिमीटर फिल्मचा छोटा कॅमेरा घडवला. १९२५ साली तो लायका नावानं बाजारात येण्याआधी, १९२३ च्या सुमारास चाचणीसाठी काही मोजके कॅमेरे बनवले होते. त्यांतला १०५ क्रमांकाचा बार्नाकनं स्वतःकडे ठेवला, त्यावर त्याचं नाव कोरलेलं आहे, आणि त्यानं तो आपल्या घरच्यांचे फोटो काढायला वापरला. जून २०२२ मध्ये वेट्झलरमधल्याच लिलावात तो १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. त्या रकमेतली मोठी वाटणी बार्नाकच्या त्या वापराची. आणि एवढी किंमत झाल्यावर त्यात फिल्म घालून घरच्यांचा फोटो काढायची कुणाची छाती होईल?

"एकदाच घ्यायचं, नातवंडं वापरतील" हे समर्थनही जाता-जाता तपासून घ्यावं, कारण वर्षांनी भागून किंमत लहान करायची युक्ती सगळेच वापरतात. १९५४ च्या लायका एम ३ ला हे लागू होतं. ती संपूर्ण यांत्रिक आहे, आजही दुरुस्त होते. २००९ साली आलेल्या एम ९ च्या सेन्सरवरची काच गंजायला लागली, फोटोंवर डाग दिसू लागले. कंपनीनं बरीच वर्षं सेन्सर बदलून दिले. पुढे बदलायला सेन्सरच उरले नाहीत. तेच नाव, तसाच आकार, पण हा कॅमेरा नातवंडांपर्यंत पोचायचा नाही. डिजिटल बॉडी कितीही सुबक घडवली तरी आत एक संगणक असतो आणि तो संगणकाच्याच वयानं म्हातारा होतो. लेन्सचं तसं नाही. सत्तर वर्षांपूर्वीची लेन्स नव्या बॉडीला लावता येते.

काळ्या रंगाचे जुने लायका कोपऱ्यांवर झिजले की आतलं पिवळं पितळ दिसायला लागतं. हे शौकिनांना फार आवडतं, आणि का आवडतं हे समजण्यासारखं आहे: कुणाच्या तरी बोटांनी कितीतरी वर्षं त्या कॅमेऱ्याची किंमत विसरून तो वापरला, याची ती खूण. २०१५ साली लायकानं संगीतकार लेनी क्रॅविट्झच्या सहभागानं एक संच काढला, १२५ नग. त्यात कारखान्यातल्या कारागिरांनी कोऱ्या कॅमेऱ्यांचा काळा रंग हातानं, बेतानं घासून पितळ उघडं पाडलं होतं. न घासलेल्या कॅमेऱ्यापेक्षा तो अर्थातच महाग. ज्याची किंमत विसरली गेली आहे असा दिसणारा कॅमेरा, जास्त किंमत देऊन. यावर हसावं की त्या कारागिराच्या हाताला दाद द्यावी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

सेकंडहँड बाजारात मात्र गणित अजून सरळ आहे. तिथे पेटीसकट, डाग नसलेल्या लेन्सला चढा भाव आणि बाहेरून खरचटलेलीला पडता. मी लेन्स बघायला गेलो की कडी फिरवून पाहतो, अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल आलंय का ते बघतो, मागून टॉर्च मारून आतल्या काचांवर बुरशीचे धागे शोधतो. आत सगळं स्वच्छ असलं की बाहेरचा रंग किती उडालाय ते विचारतसुद्धा नाही. अशी लेन्स पेटीबंद लेन्सपेक्षा बरीच स्वस्त पडते, आणि तिच्यावरचा पहिला ओरखडा दुसऱ्या कुणीतरी आधीच पाडून ठेवलेला असतो.